आंबण्यापलीकडचे किण्वन : आफ्रिकेतील स्वादद्रव्यांचा एक इतिहास



एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाने पश्चिम आफ्रिकेतील कालवणात पडणाऱ्या एका उग्र वासाच्या वडीविषयी आणि ती घडविणाऱ्या जंतूंविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा विषय नव्हे; माझा विषय शब्द. परंतु एखादा शब्द माणसाला काय पाहू देतो आणि काय पाहू देत नाही, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे क्वचितच आढळले. शिवाय ज्या शिक्षकांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, ते विज्ञान शिकवीत असत. त्यांच्या स्मृतिदिनी भाषा, इतिहास आणि विज्ञान एका पंक्तीला बसले तर ते अनुचित ठरू नये.

१. शब्दांची कुंपणे

आपल्या भाषेत पदार्थ आंबतो, मुरतो, विटतो, नासतो, कुजतो किंवा सडतो. यांपैकी पहिली दोन क्रियापदे स्वयंपाकघरात राहतात, उरलेली उकिरड्याची वाट धरतात. ‘आंबणे’ या शब्दाचे नाते ‘अम्ल’ या शब्दाशी आहे. आंबील आणि आंबोळी त्याच घराण्यातल्या. म्हणजे जंतूंनी अन्नात चांगला बदल घडविला की त्याला आंबटपणा यायचाच, ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. शास्त्रीय परिभाषेत आपण ‘किण्वन’ म्हणतो. ‘किण्व’ हा शब्द पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात, मद्य उठविण्यासाठी लागणाऱ्या द्रव्याला तो लावलेला आहे. एका शब्दामागे ताकाचे गाडगे उभे आहे, तर दुसऱ्यामागे मद्याचा घट.

युरोपीय विज्ञानाची स्थिती फार निराळी नव्हती. लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दुधातील आम्लाच्या किण्वनावरचा आपला प्रसिद्ध निबंध सादर केला, आणि १८७६ च्या बिअरविषयक ग्रंथात किण्वन म्हणजे हवेवाचून चालणारे जीवन, या आपल्या सिद्धान्ताची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या डोळ्यांसमोर दूध, द्राक्षरस आणि बार्ली होती, म्हणजे साखर असलेले पदार्थ. साखरेवर जंतू वाढले की किण्वन, आणि प्रथिनांवर वाढून अमोनियाचा दर्प सुटला की पूतिभवन, म्हणजे कुजणे, अशी ढोबळ विभागणी त्या काळात रूढ झाली.

पश्चिम आफ्रिकेतील ज्या पदार्थांविषयी मी आज बोलणार आहे, ते या दोन्ही कुंपणांच्या बाहेरचे आहेत. त्यांत जंतू प्रथिनांवर वाढतात, अमोनियाचा वास येतो, आंबटपणा नावालाही नसतो. आणि तरीही ते कुजलेले नसतात. ते कालवणाला चव देतात, वाळविले तर महिनोन्‌महिने टिकतात, आणि मांस-मासळी दुर्मिळ असलेल्या घरात अन्नाला सत्त्व आणतात. कुजणे आणि किण्वन यांच्यामधली खरी सीमारेषा कुठे आहे, हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी तिथल्या स्त्रियांना हाताने आणि नाकाने ठाऊक झालेले होते. माझ्या आजच्या व्याख्यानाचे प्रतिपाद्य एवढेच आहे.

२. एक वृक्ष, अनेक नावे

सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंत पसरलेल्या गवताळ पट्ट्यात पार्किया बायग्लोबोसा नावाचा मोठा शेंगाळ वृक्ष आढळतो. आपल्याकडील बागांतून शोभेसाठी लावतात ते चेंडूफळ याच प्रजातीतले. लांब देठाला टांगलेल्या चेंडूसारखे त्याचे फुलोरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आफ्रिकी भावंडाचे रूप सहज कल्पिता येईल. शेतीसाठी रान तोडताना तिथला शेतकरी हे झाड मुद्दाम राखतो. शेंगेतला पिवळा, गोडसर, पिठूळ गर मुले खातात. आतल्या कठीण काळ्या बिया बायका वेचून ठेवतात.

या बियांपासून होणाऱ्या स्वादद्रव्याला नायजेरियाच्या उत्तर भागातील हौसा लोक दावादावा म्हणतात आणि नैर्ऋत्येकडील योरुबा लोक इरू. माली आणि बुर्किना फासोमध्ये ते सुम्बाला, सेनेगलमध्ये नेतेतू, तर बेनिनमध्ये आफितिन होते. भाषा बदलते, वेष्टनाची पाने बदलतात, वळण्याची तऱ्हा बदलते. मूळ कृती मात्र हजारो किलोमीटरपर्यंत ओळखीची राहते. लेखी पाककृतीवाचून एवढ्या विस्तारावर जे टिकून राहते, त्याला विद्या हाच शब्द योग्य होय.

युरोपीय प्रवाशांना हा वृक्ष दिसला तो असा. मंगो पार्क याने १७९५ ते १७९७ या काळातील प्रवासाच्या वर्णनात ‘नित्ता’ या नावाने त्याचा उल्लेख केला आहे. पुढे १८०६ मध्ये नायजर नदीवर बुसा येथे पार्कचा अंत झाला, आणि १८२६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी त्याच्या स्मरणार्थ या प्रजातीला ‘पार्किया’ असे नाव दिले. हाइनरिश बार्थ १८५१ मध्ये कानो शहरी पोहोचला. त्याच्या प्रवासग्रंथात या झाडाचा आणि त्याच्या बियांपासून केलेल्या वड्यांचाही निर्देश आहे.

परंतु ‘बायग्लोबोसा’ हे नाव याहून जुने असून त्याच्यामागची कथा मन विषण्ण करणारी आहे. ते निकोलाउस जॅकिन यांनी १७६३ मध्ये दिले, आणि दिले ते कॅरिबियन बेटांवर पाहिलेल्या झाडावरून. अटलांटिक ओलांडून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या माणसांबरोबर ही बी तिकडे पोहोचली होती. आफ्रिकेच्या या वृक्षाला शास्त्रीय नाव मिळाले ते परक्या भूमीत. ज्यांनी त्याची बी जपली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

३. हंड्यातील निवड

आता कृती पाहू. बिया प्रथम बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ उकळतात, कारण कवच अतिशय कठीण असते. मग उखळात हलकेच कांडून अथवा वाळू घालून पायांनी तुडवून कवच सोडवितात आणि भरपूर पाण्यात धुऊन डाळिंब्या वेगळ्या करतात. त्या पुन्हा तास-दोन तास उकळून, निथळून, गरम असतानाच भोपळ्याच्या तुंब्यात किंवा टोपलीत पसरतात, पानांनी झाकतात, वर गोणपाट घालतात आणि दोन-तीन दिवस उबेत ठेवतात. काही ठिकाणी थोडी राख घालतात. तयार झालेल्या डाळिंब्यांवर चिकट लेप चढतो, रंग गडद होतो, अमोनियाचा वास येतो. मग मीठ लावून गोळे वळतात, उन्हात वाळवितात. योरुबा स्त्रिया यातही भेद करतात : डाळिंब्या अखंड राहिल्या तर ते इरू वोरो, आणि क्षार घालून मऊ शिजवून लगदा केला तर ते इरू पेते.

वरवर पाहता येथे विरजण कोठेच नाही. दह्याला कवडी लागते, भाकरीच्या आंबवणाला आदल्या दिवशीचे पीठ लागते. येथे मुद्दाम असे काहीच घातले जात नाही. मग प्रत्येक वेळी तोच पदार्थ कसा तयार होतो?

उत्तर त्या दीर्घ उकळण्यात आहे. उकळत्या पाण्यात बहुतेक सारे जंतू मरतात. परंतु बॅसिलस कुळातील जिवाणू प्रतिकूल काळात स्वतःभोवती टणक आवरण घेऊन बीजाणू बनतात आणि तो ताप सोसून जगतात. बिया निवून कोमट झाल्या की हे बीजाणू रुजतात. पानांवरून, तुंब्याच्या जुन्या भेगांतून, टोपलीच्या विणीतून त्यांचे आणखी सोबती येतात. स्पर्धक उरलेले नसतात. पुढे प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया सुटतो आणि मिश्रण अल्कधर्मी होते. सामू आठच्या वर, कधी नऊच्या आसपास जातो. अशा अल्कधर्मी वातावरणात बुरशी आणि इतर अनेक उपद्रवी जंतू वाढू शकत नाहीत. उष्णतेने पहिली निवड केली, क्षाराने दुसरी. शेवटी मीठ आणि ऊन यांनी दार लावून घेतले. विरजण नाही असे आपण म्हणतो खरे; पण येथे ती कृतीच विरजणाचे काम करते.

या निवडीतून पुढे येणारा प्रमुख जिवाणू म्हणजे बॅसिलस सबटिलिस. त्याच्याबरोबर बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस प्युमिलस आदी भावंडे असतात. त्यांची विकरे प्रथिने तोडून अमिनो आम्ले मोकळी करतात. त्यांतील ग्लुटामिक आम्लामुळे कालवणाला ती भरीव, मांसरसासारखी चव येते. डाळी-शेंगांतील ज्या शर्करांमुळे पोटात वायू धरतो, त्याही किण्वनात पुष्कळ कमी होतात. वासाच्या घटकांत पायराझीन नावाची द्रव्ये आढळतात. भाजलेली कॉफी आणि शेंगदाणे यांच्या सुगंधातही हीच मंडळी असतात. दुर्गंध आणि सुगंध यांतले अंतर आपण समजतो तेवढे नसते.

४. जंतूला नाव मिळाले तेव्हा

हा जिवाणू विज्ञानाला अपरिचित होता असे मुळीच नाही. एरेनबर्ग यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले, फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये त्याला आजचे नाव दिले आणि १८७६ मध्ये त्याच्या उष्णतासह बीजाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. गवताच्या काढ्यात तो सापडे, म्हणून ‘गवताचा जंतू’ अशीच त्याची ख्याती झाली. उकळूनही काढा का नासतो, हे कोडे या बीजाणूंनी सोडविले, आणि स्वयंभू जननाचा जुना वाद मिटण्यास त्याने मोठे साहाय्य झाले. युरोपात तो जंतू उकळून न मरणारी अडचण म्हणून प्रसिद्ध होता. त्याच काळात कानोच्या बाजारात त्याच गुणावर उभा असलेला व्यापार चालू होता. दोन्ही गोष्टी एकमेकींना अनोळखी राहिल्या.

जपानात हे अंतर लवकर मिटले. सोयाबीनच्या नात्तो या पदार्थातील बॅसिलस विसाव्या शतकाच्या प्रारंभीच सावामुरा यांनी वेगळा काढला आणि पुढे शुद्ध विरजणावर त्याचा उद्योग उभा राहिला. आफ्रिकेत तशी संधी यायला वसाहतींचा काळ सरावा लागला. इबादान येथे १९४८ मध्ये विद्यापीठीय महाविद्यालय निघाले. त्याचे १९६२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. तेथील एस. ए. ओडुन्फा यांनी १९८१ मध्ये इरूतील सूक्ष्मजीवांवर संशोधन प्रसिद्ध केले आणि पुढील काही वर्षांत त्यातील शर्करा व प्रथिने यांचे रूपांतर टप्प्याटप्प्याने उलगडले. बुर्किना फासोच्या लाबिया इरेन उओबा यांनी सुम्बालातील जिवाणूंवर असेच मोलाचे काम केले असून, २००३ मध्ये त्यांतील प्रथिनविघटनाविषयीचे त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या नावांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या समाजात हा पदार्थ रोज शिजतो, त्याच समाजातील माणसांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. घरचा वास ज्याने लहानपणापासून घेतला आहे, त्याला त्यात घाण दिसत नाही, प्रश्न दिसतो. ज्ञानाचा आरंभ पुष्कळदा अशा आपलेपणातून होतो.

५. मोठे घराणे

इरू एकटे नाही. इग्बो लोक तेलबीच्या एका मोठ्या झाडाच्या बिया शिजवून, पातळ कापून, धुऊन, पानांत बांधून उग्बा करतात. ही बी कच्ची खाण्याजोगी नसते. ओगिरी कधी टरबूजवर्गीय फळांच्या बियांपासून करतात, तर कधी एरंडाच्या. एरंडाच्या बीत रायसिन हे जहाल विष असते. तिच्यापासून अन्न करण्याचे धाडस दीर्घ शिजविण्याच्या अनुभवावाचून शक्य नव्हते. बुर्किना फासोमधील बिकाल्गा आणि सुदानातील फुरुंदू ही तांबड्या अंबाडीच्या बियांपासून होतात. हैदराबादेत राहणाऱ्या आपल्याला अंबाडीची ओळख करून द्यायला नको. पानांची भाजी आपण खातो, शेजारचे तेलुगू बांधव तिला गोंगूरा म्हणून मानाने वाढतात. तिच्या बियांचा असा उपयोग मात्र आपल्याला सुचला नाही.

सर्वांत नवलाचा पदार्थ पश्चिम सुदानातील कावल हा होय. तो होतो टाकळ्याच्या अगदी निकटच्या वनस्पतीच्या पानांपासून. टाकळा आपल्याकडे पावसाळ्यात वाटेच्या कडेला माजतो; कोवळा असताना त्याची भाजी होते, जून झाला की गुरेही त्याला तोंड लावीत नाहीत. सुदानातील बायका हिरवी पाने कुटून मातीच्या रांजणात भरतात, रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, दर तीन दिवसांनी लगदा ढवळतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी गोळे करून वाळवितात. गरिबाच्या कालवणात तो मांसाच्या जागी पडतो. खार्टूम विद्यापीठाचे हमीद दिरार यांनी या पदार्थाचा सूक्ष्मजीवशास्त्रीय अभ्यास केला आणि १९९३ मध्ये सुदानातील देशी किण्वित अन्नांवर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाची थोरवी अशी की, त्यात प्रयोगशाळेतील तपशिलाइतकेच महत्त्व कृती करणाऱ्या स्त्रियांच्या शब्दांना आणि कौशल्याला दिलेले आहे.

परंपरेचा गौरव करताना विवेक सोडू नये. या पदार्थांत कधी कधी बॅसिलस सेरियस हा जिवाणूही आढळतो आणि त्याचे काही वाण विषारी द्रव्ये निर्माण करतात. स्वच्छता, पुरेसे मीठ, नीट वाळवण आणि पुन्हा शिजविणे यांना म्हणूनच महत्त्व आहे. बॅसिलस सबटिलिसचे काही वाण अशा घातक जंतूंना रोखणारी द्रव्ये स्रवतात, असेही संशोधनात दिसून आले आहे. जुनी कृती निर्दोष होती असे म्हणण्याचे कारण नाही. ती निर्बुद्ध नव्हती, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

६. चवीचा घन

जपानचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी ते बाजारात आले. त्याच १९०८ साली स्वित्झर्लंडमधील मॅगी कंपनीने रश्श्याचा घन विक्रीस आणला. १९४७ मध्ये ती कंपनी नेस्लेत विलीन झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे घन पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत गावोगाव पोहोचले. स्वस्त, कोरडे, वासाचा त्रास नाही, दोन दिवसांची मेहनत नाही. ज्या घरात इरू शिजे, तेथे कागदात गुंडाळलेला घन आला.

यात एक विरोधाभास आहे. घनातील ग्लुटामेट आज मुख्यत्वे जिवाणूच तयार करतात. जपानात किनोशिता यांच्या चमूने १९५० च्या दशकात त्यासाठी योग्य जिवाणू शोधून काढला. म्हणजे तुंब्यात जिवाणू आणि पोलादी टाकीतही जिवाणूच. चवीचे मूळ द्रव्यही एकच. फरक असा की, टाकीतल्या जिवाणूला पेटंट, कारखाना आणि जाहिरात लाभली. तुंब्यातल्या जिवाणूला ‘वास येतो’ एवढाच शेरा मिळाला. घनात मीठ आणि चव असते. दावादावातली प्रथिने मात्र त्यात नसतात.

वासाची लाज ही साधी गोष्ट नव्हे. शहरात शिकायला गेलेला मुलगा आईच्या हातच्या कालवणाचा वास कपड्यांना लागू नये म्हणून जपतो, तेव्हा तो केवळ एक वास टाळीत नसतो. आपल्या देशातही हे घडते. सिक्कीम-दार्जिलिंगचे किनेमा, मणिपूरचे हवाइजार, नागालँडचे अखुनी हे सोयाबीनचे पदार्थ याच बॅसिलसचे, याच अल्कधर्मी किण्वनाचे. दिल्लीत २००७ मध्ये ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी पोलिसांनी काढलेल्या पुस्तिकेत अखुनीसारखे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होईल अशा रीतीने शिजवावेत, असा सल्ला छापलेला होता. आपल्यातील कोकणी घरांनाही सुक्या बोंबलांमुळे शेजाऱ्यांच्या मिटलेल्या खिडक्यांचा अनुभव असेल. ज्याची भाषा आणि ज्याचे अन्न परप्रांतात टिकवायचे असते, त्याला या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

७. कोणाची विद्या?

आज या परंपरेपुढे तीन प्रश्न उभे आहेत. पहिला झाडांचा. जुने वृक्ष म्हातारे होत आहेत आणि नवी लागवड अपुरी आहे. म्हणून अनेक ठिकाणी स्त्रियांनी सोयाबीनपासून दावादावा करण्यास आरंभ केला. कच्चा माल बदलला, कृती तीच ठेवली. परंपरा म्हणजे गोठलेली वस्तू, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रश्न विरजणाचा. निवडक जिवाणूंचे शुद्ध विरजण वापरले तर गुणवत्ता एकसारखी राहील आणि धोका घटेल, असे संशोधक म्हणतात, आणि ते खरे आहे. परंतु त्या स्वादात एकाच जिवाणूचा नव्हे, तर अनेक वाणांचा हात असतो. नायजेरियातील कॅडबरी कंपनीने १९९१ मध्ये दावादावाचे घन बाजारात आणले, तेव्हा ग्राहकांनी त्यांना अपेक्षित दाद दिली नाही. घरच्या चवीला प्रतिनिधी चालत नाही, हे त्या गृहिणींनी कंपनीला दाखवून दिले.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या हातांनी निवडलेल्या जिवाणूपासून उद्या कोणी मोठा उद्योग उभारला, तर त्या लाभात त्या स्त्रियांचा वाटा कोणता? जैविक संपत्ती आणि पारंपरिक ज्ञान यांच्या लाभवाटपासाठी २०१० मध्ये नागोया करार झाला आणि २०१४ पासून तो अमलात आला. करार झाला हे चांगलेच. पण वाटा मागायचा तर आधी ही विद्या आहे हे मान्य व्हावे लागते. ज्याला जग ‘सडके’ म्हणते, त्याचा हक्क कोण मागणार?

म्हणून शेवटी मी माझ्या विषयाकडे, शब्दाकडे येतो. मराठीत या पदार्थांसाठी क्रियापद नाही. ते आंबत नाहीत आणि कुजतही नाहीत. ‘अल्कधर्मी किण्वन’ ही संज्ञा अचूक आहे, पण ती पाठ्यपुस्तकातली. स्वयंपाकघरात ती कोणी उच्चारणार नाही. ‘मुरणे’ हा आपला शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण त्यात आंबटपणाची अट नाही. काळ, ऊब आणि कोणाचे तरी लक्ष, एवढेच त्यात गृहीत आहे. शब्द नसला म्हणजे वस्तू नसते असे नाही. पण शब्द नसला की वस्तूचा अपमान करणे सोपे जाते. परक्या नाकाने वास घेऊन निकाल देण्यापूर्वी, ती वस्तू जे करतात त्यांचा शब्द विचारावा, एवढे जरी येथील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवले, तरी ज्या शिक्षकांचे आज आपण स्मरण करीत आहोत त्यांना ते मान्य झाले असते, असा मला विश्वास वाटतो.